कुठे अडले? शाब्दिक उदाहरणे सोडवायला शिकवताना शिक्षकाने काय करावे

फळ्यावर शाब्दिक उदाहरण लिहून खडू खाली ठेवला की अर्ध्या मिनिटात मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, बेरीज करायची की वजाबाकी?" पाचवी ते सातवीला गणित शिकवणाऱ्या कोणालाही हा प्रश्न नवा नाही. त्याचे उत्तर देऊन टाकण्याचा मोह आवरणे, ही पुढच्या सर्व सूचनांची पहिली अट आहे. शिक्षकाने "वजाबाकी" म्हटले की उदाहरणातला विचार संपतो आणि उरते ती आकडेमोड, जी मुलांना बहुधा येतच असते.

मुलांनी हा प्रश्न विचारणे स्वाभाविक आहे, कारण तो त्यांना आपणच शिकवलेला असतो. भागाकाराच्या प्रकरणाखालच्या सरावसंचात सगळी उदाहरणे भागाकाराचीच असतात, त्यामुळे उदाहरण न वाचता मोठ्या संख्येला लहान संख्येने भागले तरी पानभर 'बरोबर'च्या खुणा मिळतात. १९७९ च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथे अभ्यासकांनी प्राथमिक शाळेतील मुलांना एक प्रश्न दिला होता: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या संख्या वापरून वय काढून दाखवले. ही मुले मंद नव्हती. गणिताच्या तासाला दिलेल्या सगळ्या संख्या वापरायच्या असतात आणि उत्तर निघतेच निघते, हा वर्गाचा अलिखित नियम त्यांनी अचूक ओळखला होता. असाच एखादा प्रश्न आपल्या वर्गाला कोणतीही पूर्वसूचना न देता विचारून पाहावा. पुढे किती काम करायचे आहे, याचा अंदाज त्या एका तासात येतो.

उदाहरण कसे निवडावे

ज्याची रीत मुलाला आधीच ठाऊक आहे, ते उदाहरण त्याच्यासाठी सराव असते. ज्याची रीत त्याला शोधावी लागते, तेच त्याच्यासाठी कोडे असते. त्यामुळे एकच उदाहरण एका मुलासाठी सराव आणि शेजारच्या मुलासाठी कोडे असू शकते. सराव वाईट नाही, पाढे पाठ असल्याशिवाय कोणाचेही चालत नाही. पण सरावाने आपण कोडी सोडवायला शिकवत आहोत, असा समज मात्र शिक्षकाने करून घेऊ नये.

नवी उदाहरणे शोधण्यासाठी गाईड विकत घेण्याची गरज नसते, कारण पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात थोडा बदल केला तरी पुरते. सर्वांत सोपा बदल म्हणजे त्यातला प्रश्नच काढून टाकणे. उदाहरणार्थ, फळ्यावर एवढेच लिहावे: "एका शेतकऱ्याने ३ क्विंटल ४० किलो कांदा १८ रुपये किलो दराने विकला. वाहतुकीला ६५० रुपये आणि हमालीला १२० रुपये लागले." मग विचारावे, "यावरून कोणकोणते प्रश्न विचारता येतील?" एकूण विक्री ६१२० रुपये आणि हातात आलेले ५३५० रुपये, हे मुले लवकर सांगतात. कोणीतरी "नफा किती झाला?" असे विचारतेच, आणि खरी चर्चा तेथे सुरू होते, कारण बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च दिलेला नसल्याने नफा काढताच येत नाही. गावाकडच्या वर्गात एखादा मुलगा "तोलाई धरलीच नाही" असेही म्हणेल. गणितात एरवी गप्प बसणाऱ्या मुलाला अशा वेळी बोलण्याची संधी मिळते, हा या बदलाचा मोठा लाभ आहे. एखादी आवश्यक संख्या वगळणे किंवा अनावश्यक संख्या मिसळणे, हे बदलही असेच उपयोगी पडतात. त्यांच्यामुळे दिलेली प्रत्येक संख्या वापरण्याची सवय मोडते.

आधी वाचन, मग गणित

शाब्दिक उदाहरणात अडलेली बरीच मुले गणितात अडलेली नसतात, भाषेत अडलेली असतात. 'एकूण' म्हणजे बेरीज, 'उरले' म्हणजे वजाबाकी, 'प्रत्येकी' म्हणजे भागाकार अशी यादी वर्गात लावण्याची पद्धत सोयीची वाटते, पण ती मुलांना फसवते. "सीमाकडे १२ पेरू आहेत. ते रमेशच्या पेरूंपेक्षा ५ ने जास्त आहेत. तर रमेशकडे किती पेरू आहेत?" या उदाहरणात 'जास्त' हा शब्द दिसताच अनेक मुले १७ असे उत्तर देतात. अशी यादी भिंतीवर असेल, तर ती काढून टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिच्याऐवजी पुढील सवय लावावी. उदाहरण एकाने मोठ्याने वाचावे, वह्या मिटून ठेवाव्यात आणि दुसऱ्याने त्यातली गोष्ट एकही संख्या न उच्चारता सांगावी: "सीमाकडे पेरू आहेत, रमेशकडेही आहेत, पण सीमाकडे जास्त आहेत, आणि आपल्याला रमेशचे विचारले आहेत." गोष्ट अशी सांगता आली की रमेशकडे कमीच असणार, हे मुलाच्या लक्षात येते, आणि १७ हे उत्तर त्याचे त्यालाच खटकते. ज्या मुलांच्या घरी अहिराणी, गोंडी, भिली किंवा गोरमाटी बोलली जाते, त्यांना ही गोष्ट प्रथम घरच्या भाषेत सांगू द्यावी. शिक्षकाला ती भाषा येत नसली तरी बिघडत नाही, वर्गातली इतर मुले दुरुस्ती करतात. त्यानंतर चित्र काढावे. सुंदर चित्राची गरज नाही. सीमासाठी एक लांब पट्टी, रमेशसाठी तिच्याखाली एक आखूड पट्टी आणि दोहोंतील फरकावर ५, एवढे पुरे.

थांबणे आणि विचारणे

अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले. हा काळ तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केला की मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात, हेही त्यांनी दाखवले. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण साठ मुलांसमोर शांत उभे राहताना ते फार मोठे भासतात. मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. नेमके काय करायचे हे ठरलेले असले की थांबणे जमते.

थांबल्यानंतर काय बोलावे, हा त्याहून अवघड भाग आहे. मूल "येत नाही" म्हणते, तेव्हा "सोपं तर आहे" हे सर्वांत वाईट उत्तर होय, कारण सोपेही येत नाही, एवढाच अर्थ त्यातून मुलापर्यंत पोहोचतो. "कुठे अडलं?" असे विचारावे. 'येत नाही' यात सगळेच संपलेले असते. 'अडलं' म्हटले की अडण्याची एक जागा असते आणि तिच्याआधीचे थोडेफार जमलेलेही असते. सुरुवातीला मुलांना ती जागा सांगता येत नाही. "कुठपर्यंत आलीस?" असे विचारत मागे मागे गेले की ती सापडते.

हे प्रत्यक्षात कसे घडते, यासाठी भास्कराचार्यांच्या 'लीलावती' (इ.स. ११५०) या ग्रंथातील एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. कमळांच्या एका राशीतील तिसरा भाग शंकराला, पाचवा भाग विष्णूला, सहावा भाग सूर्याला आणि चौथा भाग देवीला वाहिला; उरलेल्या ६ कमळांनी गुरूची पूजा केली; तर एकूण कमळे किती? हे सर्व भाग मूळ राशीचेच आहेत, एवढे वर्गात आधी स्पष्ट करावे. अपूर्णांक शिकलेल्या, पण बीजगणित न शिकलेल्या सहावीतील मुलीशी संवाद साधारण असा होऊ शकतो.

"बाई, येत नाही."
"कुठे अडलं?"
"एकूण कमळं माहीतच नाहीत, मग तिसरा भाग कशाचा काढू?"
"मग एखादी संख्या धरून बघ."
"कोणतीही?"
"कोणतीही. नाही जमली तर बदल."

मुलगी १०० धरते आणि तिचा तिसरा भाग पूर्ण येत नाही. मग ती ३० धरते. १०, ६, ५ येथपर्यंत ठीक जाते, पण चौथा भाग साडेसात येतो. थोड्या वेळाने ती ६० धरते. २०, १२, १० आणि १५ मिळून ५७ होतात, ३ उरतात. येथे बाई काहीच बोलत नाहीत. "पण उरायला हवीत ६," असे मुलगी स्वतःशीच पुटपुटते, थांबते आणि मग म्हणते, "दुप्पट! १२०."

या साऱ्या संवादात शिक्षिकेने उपयोगाची अशी दोनच वाक्ये उच्चारली आहेत. त्यांपैकी एकानेही ३, ५, ६ आणि ४ यांचा लसावि काढावा, असे सांगितले नाही, तरीही मुलगी लसाविपाशी स्वतः पोहोचली. मनाने संख्या धरून शेवटी प्रमाणात बदल करण्याच्या या रीतीला भास्कराचार्य इष्टकर्म म्हणतात, हे आता तिला सांगावे; शोधून झाल्यावर नाव कळले की ते लक्षात राहते. मात्र येथे थांबू नये. "दुप्पट केल्यावर उरलेलीही दुप्पटच का झाली?" असे विचारावे. त्यानंतर, "६ ऐवजी ७ कमळे उरली असती तर?" असा प्रश्न टाकावा. एकूण १४० येतात, पण १४० चा तिसरा भाग पूर्ण येत नाही, आणि कमळ काही कोणी तोडून वाहत नाही. मग उरलेली कमळे किती असू शकतात? ३, ६, ९, १२ अशी यादी करताना मुले उदाहरण सोडवण्याकडून उदाहरण रचण्याकडे वळतात. माझ्या मते पूर्ण तास या एकाच उदाहरणावर गेला तरी तो सत्कारणी लागला.

असे नेमके प्रश्न आयत्या वेळी सुचत नाहीत, म्हणून ते टाचणात लिहून ठेवावेत. हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये अशा प्रश्नांची जी मांडणी केली, ती आजही उपयोगी पडते: काय शोधायचे आहे? काय दिले आहे? असे एखादे उदाहरण आधी पाहिले आहे का? हेच उदाहरण लहान संख्या घेऊन करता येईल का? हे प्रश्न ठरावीक क्रमाने मंत्रासारखे म्हणायचे नसतात. अडलेल्या जागेला लागू पडेल असा एक प्रश्न विचारावा आणि पुढच्या बाकाकडे जावे. शिक्षक शेजारी उभा राहिला की मूल वहीत पाहण्याऐवजी त्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागते.

एक सावधगिरी बाळगावी. क्विंटल म्हणजे किती किलो, हे मुलाला ठाऊक नसेल, तर त्याला विचार करायला लावून काही साधत नाही. १०० किलो असे सरळ सांगावे. माहिती सांगायची असते, रीत शोधू द्यायची असते, आणि या दोहोंत गल्लत झाली की वर्ग कंटाळतो.

चूक फळ्यावर आली की

मुले वहीत काम करत असताना शिक्षकाने फिरून कोणी कोणती रीत वापरली, हे टिपून ठेवावे आणि चर्चेसाठी कोणाला कोणत्या क्रमाने बोलवायचे, ते ठरवावे. हुशार मुलाची सुटसुटीत रीत प्रथम फळ्यावर आली की इतर मुले आपली वही झाकून घेतात, म्हणून चित्र काढून किंवा मोजून केलेली रीत आधी मांडावी. उत्तर ऐकताच "बरोबर" म्हणू नये. "वर्गाला पटवून दे" असे म्हणावे, आणि उत्तर चूक असो वा बरोबर, हेच वाक्य त्याच स्वरात म्हणावे. केवळ चुकलेल्यांनाच पटवून द्यायला सांगितले, तर मुले दोन दिवसांत त्यातली मेख ओळखतात.

ताळा पाहण्याची सवय येथेच लागते, पण तो आकड्यांचाच नव्हे, गोष्टीचाही असावा. १७० मुले सहलीला जाणार आहेत आणि एका बसमध्ये ४४ जण बसतात, तर किती बस लागतील? भागाकार बिनचूक करूनही मुले "३ बस, बाकी ३८" असे उत्तर लिहितात. "या ३८ जणांना शाळेतच ठेवायचे का?" एवढे विचारले की हशा पिकतो आणि उत्तर ४ होते.

वेळ कोठून आणावा

अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो, चाचण्या असतात आणि कित्येक शाळांत एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असतात, त्यामुळे प्रत्येक तास असा घेणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. आठवड्यातून एक तास आणि त्यात एकच उदाहरण, हे निभावते. दोन इयत्ता एकत्र असतील, तर तिघातिघांचे मिश्र गट करावेत. कांद्याचे किंवा सहलीचे उदाहरण चौथी आणि पाचवी या दोघांनाही चालते. वहीतील कच्चे काम खोडू देऊ नये आणि खाडाखोडीबद्दल गुण कापू नयेत, कारण मूल कोठे अडले होते, याची खूण तेथेच असते. शिष्यवृत्तीची तयारी करून घेताना बहुपर्यायी प्रश्नातील बरोबर पर्याय शोधण्याबरोबरच चुकीचे तीन पर्याय कोणत्या चुकीतून आले असतील, हेही विचारावे.

महिन्यातून एकदा, स्वतः आधी न सोडवलेले उदाहरण शिक्षकाने मुलांसमोर घ्यावे आणि मनात येणारा विचार मोठ्याने बोलत ते सोडवावे. "ही रीत चालत नाही, मागे जाऊ," हे वाक्य सरांच्या तोंडून मुलांनी कधी ऐकलेलेच नसते. ते उदाहरण तासाभरात सुटले नाही, तर फळ्याच्या कोपऱ्यात तारीख घालून लिहून ठेवावे, फळा पुसणाऱ्या मुलाला तेवढा कोपरा सोडायला सांगावे, आणि ज्याला सुटेल त्याने पुढच्या तासाला आपल्या नावासह रीत तेथे लिहावी.