दिनदर्शिकेवरचे वचन आणि भांगलणीची मजुरी

नाताळच्या सुमारास घरोघरी येणाऱ्या दिनदर्शिकांवर बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले 29:11 हे वचन हमखास आढळते, आणि बारावीच्या निकालाची किंवा नोकरीच्या पत्राची वाट पाहणाऱ्या घरात ते जणू आपल्याच नावाने आले आहे, अशा भावनेने वाचले जाते. त्यात म्हटल्याप्रमाणे परमेश्वराचे संकल्प हिताचे असतात हे खरेच आहे. परंतु ते शब्द मुळात कोणाला उद्देशून होते हे पाहण्याचे कष्ट न घेता ते जीवनाला लावले, तर आपण शास्त्रातून आपलीच इच्छा वाचून घेत असतो.

म्हणून आधी तो संपूर्ण अध्याय आणि शक्य तर त्याच्या मागचाही वाचावा. हे वचन इ.स.पू. 597 मध्ये यहूदाच्या यखन्या राजाबरोबर यरुशलेमेहून बाबेलास (बॅबिलोनला) नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने पाठवलेल्या पत्रातले आहे. हनन्या नावाचा संदेष्टा दोनच वर्षांत सुटका होईल असे सांगत होता. यिर्मयाने मात्र सत्तर वर्षे सांगितली, म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. घरे बांधा, मळे लावा, लेकरांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असे ते पत्र सांगते. एवढे कळल्यावर निकालाची हमी हातातून निसटते खरी, पण सातव्या वचनातले ते नगर आपल्यापुरते कोल्हापूर आहे, हेही उमगते. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या ख्रिस्ती मंडळीने, पंचगंगा पात्राबाहेर येण्यापूर्वीच, आपल्या गल्लीतल्या कोणत्या वृद्धांना प्रथम हलवावे लागेल याची यादी जूनमध्येच तयार ठेवणे, आणि त्या यादीत ख्रिस्ती व बिगरख्रिस्ती असा भेद न करणे, हे मला या उताऱ्याचे सरळ आचरण वाटते.

दुसरी पायरी म्हणजे त्या काळाची रीत आणि आजही तसाच उभा असलेला प्रश्न वेगळे करणे. याकोबाच्या पत्रात (5:4) कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे म्हटले आहे; आणि अनुवाद नावाच्या पुस्तकात (24:15) गरीब मजुराचे वेतन त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावे, कारण त्याचा जीव त्यावर लागलेला असतो, असे कारणही दिले आहे. ते कारण करवीर तालुक्यातल्या उसात भांगलणीला, म्हणजे तण काढायला, येणाऱ्या बायकांच्या बाबतीत तंतोतंत लागू पडते, कारण ‘कारखान्याचे बिल आले की देतो’ या एका वाक्याने त्यांच्या घरचा आठवड्याचा बाजार अडतो. मापात पाप केवळ तराजूनेच होते असे नाही. हा उतारा मी एकदा अभ्यासवर्गात मोठ्या आवेशाने समजावून सांगितला, तेव्हा माझ्या मनासमोर एक बडा बागायतदार होता, आणि आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे पंधरा दिवसांचे पैसे माझ्याच खिशात होते. तेव्हापासून लागूकरण, म्हणजे उतारा जीवनात कसा आचरावा हे, लिहिताना मी दुसऱ्या कोणाचेही नाव कर्त्याच्या जागी येऊ देत नाही.

शास्त्रातली प्रत्येक कृती अनुकरणासाठी सांगितलेली नाही, हेही येथे नमूद करावे लागेल. इस्राएलाचा शास्ता गिदोन याने लोकर पसरून देवाकडे चिन्ह मागितले (शास्ते हे पुस्तक, अध्याय 6), ते देवाने आधीच स्पष्ट सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास बसत नव्हता म्हणून. स्थळ पसंत करताना तसले चिन्ह मागण्याला त्या अध्यायाचा आधार नाही.

शेवटी, उताऱ्यावरून आपण काय करणार याचे वहीत एकच वाक्य लिहावे, आणि त्यात व्यक्ती, दिवस व कृती या तिन्ही गोष्टी असाव्यात. ‘मी अधिक प्रामाणिक राहीन’ हे वाक्य तपासता येत नाही. ‘शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत मावशींचे पैसे हातात देईन आणि उशिराबद्दल क्षमा मागेन’ हे तपासता येते. ते वाक्य प्रार्थनेत देवापुढे ठेवावे, घरातल्या एका माणसाला वाचून दाखवावे, आणि पुढच्या रविवारी उपासनेला निघण्यापूर्वी वही उघडून पाहावी. काम झाले नसेल, तर नवा उतारा न घेता तोच पुन्हा वाचावा.