जुन्या फेरारी ३६० मध्ये ‘स्लो डाउन’ लाइट लागली तर
३६० मोडेनात ही लाइट लागली की आधी ॲक्सिलरेटर सोडा, कारण ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) तापल्याचं सांगते आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) असेल तर न जळलेलं पेट्रोल तिथं जाऊन पेटतं. गाडी थंड झाली की ओबीडी स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा, कोड लिहून घ्या, लगेच पुसू नका हां! पी०३०१ ते पी०३०८ पैकी आला तर शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर, त्याची कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) दुसऱ्या सिलिंडरवर टाकून बघायची, कोड तिच्यामागं गेला तर कॉइलच गेलीय. मिसफायर नसेल तर बॅटरी काढून कॅटच्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या, तापमानाचे दोन छोटे ईसीयू (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट) अदलाबदल करा, इशारा दुसऱ्या बाजूला गेला की चोर सापडला, तो ईसीयूच खराब, एवढं केल्याशिवाय महागडा कन्व्हर्टर अजिबात घेऊ नका. कनेक्टरच्या पिना हिरवट दिसल्या तर त्याही साफ करा.