आफ्रिकेतल्या राजधान्या पाठ करताय? या चुका टाळा

युनायटेड नेशन्सचे मेंबर धरले तर आफ्रिकेत ५४ देश आहेत, आणि क्विझ असो नाहीतर स्पर्धा परीक्षा, मार्क जातात ते दरवेळी त्याच त्या दहा-पंधरा देशांवर. केनियाचं नैरोबी, घानाचं आक्रा, इथे कोणी अडत नाही. अडतात ते जिथे एखादं शहर खूप ऐकलेलं असतं आणि आपण तीच राजधानी धरून मोकळे होतो. माझं स्पष्ट मत आहे की नुसती लिस्ट घोकली तर ती पंधरा दिवसात जाते, पण राजधानी तिथे का नेली हे एका ओळीत कळलं ना, की ती डोक्यातून जात नाही.

मोठं शहर दिसलं की टिक करणं

ही सगळ्यात कॉमन चूक. नायजेरिया म्हटलं की लागोस, मोरोक्को म्हटलं की कासाब्लांका, टांझानिया म्हटलं की दार-एस-सलाम, कॅमेरून म्हटलं की दुआला. चारही चूक! बरोबर उत्तरं अबुजा, रबात, डोडोमा आणि याउंडे.

यातलं अबुजा नीट समजून घ्या, म्हणजे बाकीच्यांची गोष्ट आपोआप कळते. लागोस किनाऱ्यावरचं बंदर, ब्रिटिशांच्या काळापासूनचं सत्तेचं ठिकाण, पण ते योरुबा लोकांच्या भागात येतं आणि देशात हौसा आणि इग्बो हे दोन मोठे समाजही आहेत, त्यामुळे कुणा एकाची वाटणार नाही अशी मधली जागा हवी होती, शिवाय लागोसमध्ये गर्दी इतकी वाढली होती की शहराला श्वास घ्यायला जागा नव्हती. मग १९७६ मध्ये निर्णय झाला, देशाच्या मधोमध नवीन शहर बांधायला घेतलं आणि १२ डिसेंबर १९९१ ला राजधानी अबुजाला गेली. टांझानियाचंही तसंच, १९७३ मध्ये डोडोमा ठरलं कारण ते देशाच्या मध्यात आहे, पण सरकारी ऑफिसं हलायला कित्येक वर्षं गेली, म्हणून जुन्या पुस्तकात अजून दार-एस-सलाम सापडतं. मलावीनेही १९७५ मध्ये झोम्बा सोडून लिलाँग्वे केली.

आयव्हरी कोस्टचं कारण मात्र वेगळं आहे. यामुसुक्रो हे पहिले राष्ट्राध्यक्ष उफुए-ब्वान्यी यांचं गाव, १९८३ मध्ये ते राजधानी जाहीर झालं. पण व्यवहारात बरंचसं कामकाज आणि बहुतेक दूतावास अबिजानलाच राहिले. परीक्षेत अधिकृत राजधानी विचारली असेल तर यामुसुक्रोच लिहा.

एका देशाला एकच राजधानी असं धरणं

दक्षिण आफ्रिकेवर हमखास प्रश्न येतो आणि ऑप्शनमध्ये प्रिटोरिया, केप टाउन, ब्लूमफॉन्टेन तिन्ही दिसले की गडबड होते. तर प्रश्न परत वाचा. कार्यकारी म्हटलं असेल तर प्रिटोरिया, संसद म्हटलं तर केप टाउन, न्यायालयीन म्हटलं तर ब्लूमफॉन्टेन. १९१० मध्ये चार वसाहती एकत्र येऊन एक देश झाला तेव्हा राजधानीवरून भांडण नको म्हणून ही वाटणी केली, ट्रान्सवालला एक, केपला एक, ऑरेंज फ्री स्टेटला एक, आणि नाताळला काहीच शहर मिळालं नाही, त्यांना पैशात भरपाई दिली. अजून एक फसवी गोष्ट म्हणजे घटनात्मक न्यायालय जोहान्सबर्गला आहे, तरी जोहान्सबर्ग राजधानी नाही!

बेनिनची अधिकृत राजधानी पोर्टो-नोवो, सरकार बसतं कोटोनूला. इस्वातिनीत प्रशासन म्बाबानेमध्ये आणि राजघराणं, संसद लोबांबामध्ये.

सारख्या नावांचा गोंधळ

नायजर आणि नायजेरिया हे दोन वेगळे देश आहेत, नायजरची राजधानी नियामे. मॉरिशसची पोर्ट लुई, मॉरिटानियाची नुआकशॉट. गिनी तर तीन आहेत. गिनीची कोनाक्री, गिनी-बिसाऊची बिसाऊ (नावातच आहे), आणि इक्वेटोरियल गिनीचं मलाबो बिओको नावाच्या बेटावर आहे, पण त्या सरकारने मुख्य भूमीवर सिउदाद दे ला पाझ हे नवं शहर उभारायला घेतलंय, त्यामुळे या एका देशाचं उत्तर कायम ताज्या माहितीवरून बघा.

काँगोसाठी नकाशा उघडाच. काँगो नदीच्या एका काठावर ब्राझाव्हिल, समोरच्या काठावर किन्शासा, एका राजधानीतून दुसरी सरळ दिसते. उत्तरेकडचा काठ फ्रेंचांकडे होता, तिथे शोधक दे ब्राझा याच्या नावावरून ब्राझाव्हिल पडलं आणि तो आजचा छोटा काँगो प्रजासत्ताक. दक्षिणेकडचा काठ बेल्जियमकडे, तिथलं लिओपोल्डव्हिल १९६६ मध्ये किन्शासा झालं, हा मोठा देश, लोकशाही प्रजासत्ताक काँगो. जोड्या लावा मध्ये अडलात तर एवढंच आठवा, मोठा देश किन्शासा.

जुने नोट्स आणि फिरते पीडीएफ

तुमच्याकडच्या लिस्टमध्ये झिम्बाब्वेसमोर सॅलिसबरी, मोझांबिकसमोर लोरेन्सो मार्क्स किंवा चाडसमोर फोर्ट लामी दिसलं तर ती लिस्ट बाजूलाच ठेवा. हरारे हे नाव १९८२ चं, मापुटो १९७६ चं, एन्जामेना १९७३ चं. दुसरी टेस्ट म्हणजे दक्षिण सुदान आहे का बघा, हा देश ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला, राजधानी जुबा, आणि खार्टुम फक्त सुदानची. तिसरी टेस्ट बुरुंडी. तिथे बुजुंबुरा लिहिलं असेल तर ते २०१९ च्या आधीचं आहे, आता राजकीय राजधानी गितेगा आणि बुजुंबुरा आर्थिक.

उलटी चूकही होते, म्हणजे बातमी वाचून घाईघाईत राजधानी बदलून टाकायची. इजिप्तने कैरोच्या पूर्वेला वाळवंटात नवीन प्रशासकीय शहर बांधलंय, मंत्रालयं तिकडे गेलीत, मोठमोठे फोटो फिरत असतात, पण इजिप्तची राजधानी अजूनही कैरोच आहे.