द्वितीय वर्षाला महाविद्यालय बदलताना या चुका टाळा

अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाचा निकाल लागला की आमच्या विद्यार्थी विभागाच्या खिडकीसमोर महाविद्यालय सोडल्याचा दाखला मागणाऱ्यांची रांग लागते. बारावीनंतर हुकलेले नामांकित महाविद्यालय आता तरी मिळावे ही इच्छा रास्त आहे, आणि चांगले गुण असतील तर प्रयत्न जरूर करावा. परंतु वर्षानुवर्षे तीच चूक पाहून मी रांगेतल्या प्रत्येकाला आधी एकच प्रश्न विचारतो : नव्या महाविद्यालयातला प्रवेश लेखी निश्चित झाला आहे का?

काही वर्षांपूर्वी एका हुशार विद्यार्थ्याने ‘तिथे जागा आहे, तोंडी होकार मिळाला आहे’ एवढ्या भरवशावर दाखला काढला. मी थांबायला सांगितले, पण वडील रजा टाकून गावाहून आले होते आणि त्यांना त्याच दिवशी काम उरकायचे होते. ‘महाविद्यालय सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘स्वेच्छेने’ असे लिहून दाखला त्यांच्या हाती दिला गेला. नव्या ठिकाणी रिकाम्या जागा दोनच निघाल्या आणि गुणवत्ता यादीत मुलगा पाचवा लागला. तो परतला तेव्हा आमच्याकडची त्याची जागा थेट द्वितीय वर्षाला प्रवेश देणाऱ्या फेरीतून एका पदविकाधारकाला मिळालेली होती. वर्ष वाया गेले. तो दाखला मांडीवर ठेवून खिडकीबाहेरच्या बाकावर बसलेले वडील मला अजून आठवतात. म्हणून अर्ज करावा, ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे, यादीत नाव लागू द्यावे आणि मूळ दाखला अगदी शेवटी काढावा. घाई करणाऱ्या पालकांना माझे हे सांगणे अडवणुकीचे वाटते, तरीही मी ते सांगतच राहतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे ‘प्रथम वर्ष सगळीकडे सारखेच’ असे समजणे. स्वायत्त, म्हणजे अभ्यासक्रम स्वतः ठरवणाऱ्या महाविद्यालयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यासक्रमापेक्षा वेगळा असतो. पुण्याचे सीओईपी हे अभियांत्रिकी महाविद्यालय तर २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठच आहे. तुम्ही न शिकलेला विषय तिथल्या प्रथम वर्षाला असेल, तर द्वितीय वर्षाच्या जोडीने त्याचीही परीक्षा द्यावी लागू शकते, आणि तो सुटेपर्यंत गुणपत्रिका अपुरी राहते. मी विद्यार्थ्याला वहीचे एक पान उभे दुमडायला सांगतो : डावीकडे आपले विषय आणि श्रेयांक (क्रेडिट), उजवीकडे तिथले. ज्या ओळीत उजवीकडे विषय आहे आणि डावीकडे काहीच नाही, तिथे लाल खूण करायची. हे काम अर्ध्या तासाचे आहे, पण मित्राला फोन करून ‘चालतंय रे’ ऐकणे सोपे पडते. विद्यापीठही बदलत असेल तर जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाची पात्रता-मान्यता यांसाठी लागणारा वेळ वेगळा धरावा.

नुसत्या नावासाठी आवडती शाखा सोडू नये.

जाहिरातीतला सर्वांत मोठा पगार पाहून ठरवू नये, कारण तो एका विद्यार्थ्याचा असतो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था आपली माहिती संकेतस्थळावर ठेवतात. तिच्यात किती विद्यार्थी ठरलेल्या मुदतीत पदवीधर झाले, कितींना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळतो तो) किती, हे दिलेले असते. मी तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहून पाहतो. पुष्कळदा दोन महाविद्यालयांतले अंतर नावावरून वाटते तेवढे नसते.

मूळ प्रवेश कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून झाला होता, एवढ्यावरून महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरून मिळणारी शुल्क सवलत नव्या ठिकाणीही चालू राहील असे गृहीत धरू नये. दोन्हीकडच्या शिष्यवृत्ती विभागात लेखी विचारावे, कारण सवलत थांबली तर उरलेल्या तीन वर्षांचे पूर्ण शुल्क घरच्यांना भरावे लागते.

‘जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. जागा रिकामी असेल तर तिच्यासाठी सूचना निघते, अर्ज मागवले जातात आणि यादी लागते. त्या यादीत नाव घालून देण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो, आणि दिलेल्या पैशांची पावतीही तो देत नाही.