मायग्रेनचा स्प्रे घशात उतरू नये म्हणून

सुमाट्रिप्टानचा नाकातला स्प्रे मारल्यावर घसा कडू होतो, मळमळ वाढते. याचं एक कारण: जोरात ओढलेला श्वास. औषध नाकात मुरायला हवं, ते घशात जातं.

१. नाक शिंकरा. डोकं सरळ ठेवा, मागे झुकवू नका.
२. दुसरी नाकपुडी बंद करा. टोक साधारण १ सेंटीमीटर आत घाला, हलका श्वास घेत दट्ट्या पूर्ण दाबा.
३. १०-२० सेकंद श्वास नाकाने घ्या, तोंडाने सोडा.

एका डोसच्या पंपाची आधी चाचणी घेऊ नका; सगळं औषध तिथेच उडून जातं.

हृदयविकार, पक्षाघात किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल तर हा स्प्रे नकोच. छातीत दुखलं, आवळल्यासारखं झालं, तर ताबडतोब दवाखाना गाठा.