पिकअपला एटी टायर टाकताय? या चुका टाळा

मे महिना संपत आला की मला फोन सुरू होतात. पावसाळा तोंडावर असतो, पिकअपचे टायर गोटा झालेले असतात आणि प्रश्न ठरलेला असतो, "दादा, एटी कुठले टाकू?" एटी म्हणजे ऑल-टेरेन, कच्च्या रस्त्यावरही चालणारा खोल नक्षीचा टायर. मी विचारतो, गाडी कुठं चालते, मागं वजन किती असतं? त्यावर उत्तर म्हणून फोटो येतो. कुणाची तरी चिखलानं माखलेली हायलक्स पिकअप, टायर मडगार्डच्या बाहेर आलेले. "असे दिसायला पाहिजेत."

इथूनच बिघडायला सुरुवात होते. टायर निवडायचा तो त्याच्या भिंतीवरचे आकडे वाचून, आणि ते वाचायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

सगळ्यात जास्त वाट लावणारी चूक म्हणजे साइज वाढवणं. माझी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप जुनी, कंपनीचा टायर 245/70 आर16. म्हणजे रुंदी 245 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 70 टक्के आणि रिम 16 इंची. गणित केलं की टायरची एकूण उंची साधारण 749 मिलिमीटर येते. माझ्या मामेभावाची गाडीही हीच. त्यानं 265/75 आर16 टाकले. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण उंची गेली 804 मिलिमीटरवर, म्हणजे तब्बल साडेपाच सेंटीमीटर जास्त. दुकानात सपाट फरशीवर स्टिअरिंग पूर्ण फिरवून बघितलं, कुठं घासलं नाही. झालं, पैसे दिले.

जुलैत आम्ही दोघं त्याच्या गाडीतून माणगावकडे निघालो. मागे खताच्या गोण्या आणि काजूची कलमं. ताम्हिणीत पहिल्याच मोठ्या वळणावर, खड्ड्यात चाक गेलं तसा खर्रर्र आवाज. वजनानं गाडी बसलेली, वर चाक वळलेलं, त्यामुळे पुढचा टायर आतल्या प्लास्टिकला घासत होता. रिकाम्या गाडीत, दुकानाच्या फरशीवर हे कधीच कळत नाही. चढाला तिसऱ्यात खेचणारी गाडी दुसरा मागायला लागली. मोठा टायर म्हणजे प्रत्येक गिअर लांब होतो, इंजिन मात्र तेवढंच असतं.

पण खरी मजा पुढेच होती. उताराला मागचं चाक पंक्चर झालं. खाली स्टेपनी कुठली? जुनी, 245/70. नवा टायर खालच्या स्टेपनीच्या जागेत मावला नाही म्हणून दुकानदारानं जुनीच ठेवली होती आणि भावानं मान डोलावली होती. मागे एक चाक साडेपाच सेंटीमीटर बुटकं लावून आम्ही निघालो. त्यात पावसात पकड जास्त मिळेल म्हणून ह्या बहाद्दरानं डांबरी रस्त्यावर फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा गिअर, लावला. या गाडीत फोर-हाय लावलं की पुढचा आणि मागचा दांडा एकाच वेगानं फिरतो, मधे फरक गिळायला काही नसतं. पुढं मागं टायर वेगळ्या उंचीचे असले की सगळा ताण गिअरच्या दात्यांवर येतो. दहा किलोमीटरनंतर टू-हायला, म्हणजे परत मागच्या दोनच चाकांवर, यायला गेला तर दिवा नुसता लुकलुकतोय, सुटायला तयार नाही. भर पावसात मी खाली उतरून मागून येणाऱ्या एसट्या थांबवतोय आणि हा गाडी चार-चार फूट मागं घेतोय, असं करत शेवटी ते सुटलं. भिजलेल्या अंगानं मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही.

परत आल्यावर त्याची तक्रार, "दादा, अ‍ॅव्हरेज फार पडलं रे." थोडं खरंच पडलं होतं. पण थोडं मीटरमुळे. टायर सात टक्के उंच झाला की मीटर अंतर सात टक्के कमी मोजतो. आणि मीटरवर 80 दिसत असताना गाडी आधीपेक्षा पाच-सहानं जास्त पळत असते, हेही ध्यानात ठेवा.

माझी सवय सांगतो. कंपनीच्या साइजपासून उंचीत दोन-अडीच टक्क्यांपुढं जायचं नाही. मी 255/70 आर16 वर गेलो, 14 मिलिमीटर वाढले, तिथंच थांबलो. आणि टायर घ्यायचे ते पाच. चार नाही, पाच. पाचवा महाग वाटतो हे मला माहीत आहे. पैसे नसतील तर दोन महिने थांबा, नाहीतर साधे एचटी (डांबरी रस्त्याचे) टाका, पण फोर बाय फोरला चार एक आणि स्टेपनी दुसरी हा प्रकार करू नका. पाचही सारखे असले की दर आठ-दहा हजार किलोमीटरला स्टेपनीसकट जागा बदलून फिरवता येतात आणि एकसारखे झिजतात.

दुसरी गोष्ट, जमीन ओळखा. एटी टायर मुरमावर, जांभ्याच्या रस्त्यावर, नदीकाठच्या गोट्यांवर छान चालतो. काळ्या मातीत नाही. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे मी सांगायची गरज नाही, पण पुण्याहून शेत घेतलेल्यांना आहे. पावसात भिजलेली काळी माती टायरच्या खाचांत बसली की निघत नाही. पन्नास फुटांत तुमचा भारी एटी गुळगुळीत लाडू होतो. तिथं टायर बदलून उपयोग नाही, बांधापर्यंत मुरूम टाका. आणि घाटात शेवाळलेल्या ओल्या डांबरावर खोल नक्षीचा टायर जास्त धरतो हा समजही सोडा. चांगला एचटी तिथं बहुतेकदा लवकर थांबतो. नव्वद टक्के डांबरावर फिरणाऱ्यानं एटी घेतला तर त्याला आवाज आणि लांबलेला ब्रेकच मिळतो.

वजनाचा आकडा. साइजच्या शेजारी 107, 111, 112 असं काहीतरी छापलेलं असतं, त्यामागे एक अक्षर. 107 म्हणजे एका टायरला 975 किलो, 111 म्हणजे 1090. मागच्या दोन टायरांचा हिशेब केला तर 230 किलोचा फरक, चार-साडेचार गोण्या. साइज तोच, दिसायला तोच, दुकानदार म्हणतो "सेमच आहे साहेब". सेम नसतो. गाडीवर मूळ जो आकडा होता त्याच्या खाली जाऊ नका, मग ऑफर कितीही गोड असो. साइजच्या आधी एलटी छापलेलं असेल तर तो जाड भिंतीचा टायर, दगडाला भारी, पण तेवढंच वजन पेलायला त्याला जास्त हवा लागते. दारावरच्या स्टिकरवरचा हवेचा आकडा त्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

तारीख बघा. टायरच्या भिंतीवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटच्या चार आकड्यांत बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. 2319 असेल तर 2019 चा तेविसावा आठवडा. हे बऱ्याचदा एकाच बाजूला असतं आणि चढवल्यावर ती बाजू आत गेली की तुम्हाला गाडीखाली झोपायला लागेल. म्हणून रिमवर चढवायच्या आधी टॉर्च घेऊन बघा. वर्षाच्या आतला असेल तर मी घेतो, दोन वर्षांचा असेल तर भाव करतो, त्याहून जुना असेल तर चहा पिऊन निघतो. जून 2020 पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आले, तेव्हा बाहेरच्या ब्रँडचे काही साइज मिळेनासे झाले आणि लोकांनी धूळ खात पडलेला माल हसत हसत उचलला. "दादा, शेवटचा सेट होता!" असणारच की.

टायर कधी बदलायचा हेही लोक मला विचारतात. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची 1.6 मिलिमीटर. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की तो टायर कायद्यानं संपला. घाटात पावसाळा काढायचा असेल तर मी तिथवर थांबत नाही, 3 मिलिमीटर राहिले की बदलतो.

नायट्रोजन भरून काही चमत्कार होत नाही. हवेतच 78 टक्के नायट्रोजन आहे, हवा मोजायचा गेज स्वतःचा घ्या आणि दर पंधरवड्याला थंड टायरवर बघा.

वाळूत किंवा चिखलात हवा कमी केली असेल तर डांबरावर यायच्या आधी परत भरा. पंप गाडीत नसेल तर हवा सोडूच नका.

अलाइनमेंट न करता नवे टायर पळवणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

आणि एक. टायरवाला नट गननं आवळतो, कधी कमी कधी जास्त. शंभरेक किलोमीटर झाले की स्वतः जॅकशेजारचा पाना काढून प्रत्येक नट तपासा. माझा एकदा एक नट हातानंच फिरला होता.