कॉलेजला येताय? मग एखादं काम अंगावर घ्या

यंदा माझं बीएस्सी पूर्ण होतंय. माण तालुक्यातल्या आमच्या वाडीतून साताऱ्याला आले तेव्हा अभ्यासाचं मला दडपण नव्हतं, माणसांशी बोलण्याचं होतं. ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून साधं बोनाफाइड मागायचं म्हटलं तरी घशाला कोरड पडायची. ही भीड चेपली लायब्ररीच्या काउंटरवर, 'कमवा आणि शिका' योजनेत. नव्यानं येणाऱ्या मुलामुलींनी, त्यातही खेड्यातून येणाऱ्यांनी, या योजनेत जरूर यावं असं मला मनापासून वाटतं.

साताऱ्याला हा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे तिचं बोधवाक्य. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, तेही कष्ट करून शिकणाऱ्या पोरांसाठीच. आज राज्यातल्या बऱ्याच कॉलेजांत ही योजना चालते. तासावर पैसे मिळतात, दर ठिकाणानुसार वेगळा असतो. माझ्या मेसच्या बिलाला त्याचा चांगला हातभार लागला.

सुरुवातीला माझ्याकडे परत आलेली पुस्तकं जागेवर लावायचं काम होतं. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला आकडा बघून कपाट शोधायचं. ५४० म्हणजे रसायनशास्त्र, त्यात ५४६ इनऑरगॅनिक, ५४७ ऑरगॅनिक. मराठी साहित्य ८९१.४६. दशांश चिन्हानंतरचे आकडे नीट बघावे लागतात. ५४७.१२ हे ५४७.२ च्या आधी येतं, आणि चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. हे हाताला बसलं तसं एकाच विषयावर पाच जणांनी किती वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलंय तेही दिसायला लागलं. गाइडवरचा माझा भर तिथंच सुटला.

पुढे काउंटर मिळाला आणि खरी शाळा सुरू झाली. "ते निळ्या कव्हरचं जाड पुस्तक द्या" एवढंच सांगणारी मुलं येतात. मग विचारायचं, कुठल्या वर्षाला आहेस, विषय कुठला, सरांनी कुठला धडा सांगितलाय? विचारता विचारता पुस्तक सापडतं. संदर्भग्रंथ घरी नेता येत नाही हे वरच्या वर्गातल्या मुलाला शांतपणे सांगायचं आणि तो चिडला तरी आवाज चढवायचा नाही, हे मी ग्रंथपाल मॅडमना बघून शिकले. मॅडम आधी पुस्तक उघडून द्यायच्या, "इथं बसून हवं तेवढं वाच" म्हणायच्या. नकार असा देता येतो हे मला ठाऊकच नव्हतं. परवा एमएस्सीच्या चौकशीला एका विद्यापीठात एकटी गेले, तीन टेबलं फिरून काम करून आले. पहिल्या वर्षाला हे मला जमलं नसतं.

एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनाही केली. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं गावातलं शिबिर. चांगलंच आहे, पण माझ्या मते रोजचं, ठरल्या वेळेचं काम माणसाला जास्त बदलतं.

आता कामाचं. सायन्सवाल्यांनी प्रॅक्टिकलचं वेळापत्रक हातात आल्याशिवाय कामाची वेळ ठरवू नये. मी सकाळची घेतली होती. हजेरीवर रोजची सही रोजच करा, महिनाअखेरीला तासांचा हिशेब त्यावरूनच होतो. बँक खातं आधारशी जोडलेलं ठेवा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीलाही ते लागतं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागतो, तो गावाहून निघतानाच काढून आणा. लायब्ररीतल्या जागा लवकर भरतात. नाही मिळाली तर ऑफिस, प्रयोगशाळा, बाग, जे असेल तिथं नाव द्या. अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच निघतात, तेव्हा प्रवेश झाल्या झाल्या विद्यार्थी विकास विभागात जाऊन स्वतः विचारा.